वॉर्डात शिकवायचं कसं? नव्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. नर्सिंगनंतर काही वर्षं आयसीयूत काम केलेल्या एक सिस्टर नुकत्याच एका नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे वॉर्डात विद्यार्थिनींना प्रत्यक्ष काम शिकवणारी शिक्षिका, म्हणून रुजू झाल्या आहेत. स्वतःचं काम त्यांना उत्तम येतं. पण विद्यार्थिनी मुली वर्गात धडे घडाघडा म्हणून दाखवतात आणि वॉर्डात गेल्या की त्यांचा हात चालत नाही. मग शिकवायचं कसं? आणि याच क्षेत्रात पुढे जायचं तर एम.एस्सी.ला लगेच प्रवेश घ्यावा का?

मी मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते, त्याआधी वॉर्ड सिस्टर होते. माझं मत आधीच सांगून टाकते. नर्सिंग शिकवणाऱ्याची जागा पेशंटच्या खाटेजवळ आहे आणि त्याची स्वतःची प्रगतीही तिथेच होते. पदव्या जरूर घ्याव्यात. पण प्रत्येक पदवीबरोबर आपण वॉर्डापासून लांब जात असू, तर मुलींच्या पदरात काही पडत नाही.

आधी तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. अमेरिकन नर्सिंग अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या: नवखी, थोडी सरावलेली, सक्षम, प्रवीण आणि निष्णात. निष्णात नर्सला पेशंटकडे बघताक्षणीच काहीतरी बिघडतंय हे कळतं, पण कशावरून कळलं ते तिला शब्दांत सांगता येत नाही. आयसीयूत तुम्ही त्या पायरीच्या जवळ पोहोचला आहात. त्यामुळे सक्शन, म्हणजे पेशंटचा कफ नळीने ओढून काढणं, करताना तुमच्या मनात ज्या दहा गोष्टी आपोआप होतात, त्यातल्या चारच तुम्ही बोलून दाखवता. उरलेल्या सहा मुलींना दिसतच नाहीत. शिकवायला लागणं म्हणजे हाताला माहीत असलेलं पुन्हा शब्दांत आणणं, आणि ते सरावानेच येतं.

मुलींचं वॉर्डातलं पोस्टिंग सुरू होण्याआधी चार-पाच दिवस त्या वॉर्डात एकट्या जाऊन काम करा. राउंड कधी होतो, ड्रेसिंगची ट्रॉली कोण लावतं, इंजेक्शनच्या वेळा काय आहेत, स्टोअरच्या किल्ल्या कुणाकडे असतात, इन्चार्ज सिस्टरना कुठली गोष्ट अजिबात चालत नाही, हे सगळं माहीत करून घ्या. वॉर्डातल्या मावशींशी ओळख करून घ्या. वॉर्ड हा सिस्टरचा असतो आणि आपण मुलींना घेऊन तिथे पाहुण्यासारखे जातो. ज्या इन्स्ट्रक्टरला सिस्टर ओळखतात, तिच्या मुलींना शिकायला पेशंट मिळतात. बाकीच्यांच्या मुली स्टोअरमध्ये गॉज कापत बसतात.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळते. सगळ्यात साधी गोष्ट घ्या: श्वास मोजणं. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (टेम्परेचर, पल्स, श्वास) चार्ट उघडून श्वासाचा रकाना बघा. १८, २०, १८, २०. तीस पेशंट आणि सगळ्यांचे श्वास जवळपास सारखे. टेम्परेचर थर्मामीटर दाखवतो, पल्स मॉनिटर दाखवतो, श्वास मात्र कुणीतरी उभं राहून मोजावा लागतो, म्हणून तो अंदाजाने लिहिला जातो. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासच. बीपी पडायच्या कितीतरी आधी तो वाढलेला असतो.

हे वर्गात सांगून मुली लिहून घेतात आणि विसरतात. मी काय करते ते सांगते. दोन मुलींना घेऊन एका पेशंटजवळ जायचं. एकीने पेशंटचं मनगट पल्स बघितल्यासारखं धरायचं, म्हणजे आपला श्वास मोजताहेत हे त्याला कळत नाही. कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. मग तिघींनी छातीकडे किंवा पोटाकडे नजर ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. तिघींनी आपापला आकडा एकमेकींना न दाखवता हातावर लिहायचा आणि बाहेर पॅसेजमध्ये येऊन ताडून बघायचा. एकीचा २२, दुसरीचा २७, माझा २६. मग बोलणं सुरू होतं: तुझा चुकला कुठे? चादर गळ्यापर्यंत होती का? मधेच पेशंट बोलला तेव्हा काय केलंस? श्वास नुसता वाढलाय की मानेचे स्नायूही ओढले जाताहेत? आणि मग चार्ट काढून बघायचं, तासाभरापूर्वी तिथे काय लिहिलंय. त्या दिवसानंतर त्या मुलींना १८ लिहिताना हात आखडतो. एका मिनिटाच्या या कामात निरीक्षण, प्रामाणिक नोंद आणि आकड्याचा अर्थ लावणं, तिन्ही शिकवून होतं.

प्रोसिजर शिकवताना सर्जन रॉडनी पेटन यांच्या नावाने ओळखली जाणारी चार पायऱ्यांची पद्धत वापरा. पहिल्यांदा तुम्ही प्रोसिजर नेहमीच्या वेगाने, एक शब्दही न बोलता करायची. दुसऱ्यांदा प्रत्येक पायरी आणि तिचं कारण सांगत करायची. तिसऱ्यांदा मुलीने सांगायचं आणि तुम्ही फक्त ती सांगेल तेवढंच करायचं. चौथ्यांदा तिने बोलत बोलत स्वतः करायची. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या होतात, त्याही एकत्र, आणि मग थेट चौथी. तिसरी पायरी गाळली जाते आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. मुलगी बोलते तेव्हा तिच्या डोक्यात कुठे खड्डा आहे तो तुम्हाला दिसतो, आणि तोवर सुई तुमच्याच हातात असल्याने पेशंट सुरक्षित असतो.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. मुलगी म्हणते, “मॅडम, सिरिंजमध्ये २० युनिटच्या रेघेपर्यंत इन्सुलिन घ्या.” तुम्ही विचारा, “कुठली सिरिंज?” बहुतेकींना हा प्रश्नच नवीन असतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, ४० युनिट प्रति मिलिलिटरच्याही असतात आणि १०० च्याही. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. आता १०० च्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं तर काय होईल, हे मुलीला कागदावर मांडायला लावा. लाल सिरिंजमधली २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. १०० च्या व्हायलमधला अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. लिहून दिले होते २०, गेले ५०. शुगर खाली जाईल, पेशंट घामाघूम होईल आणि रात्रपाळीला कुणाच्या लक्षात आलं नाही तर जीवावर बेतेल. हे गणित मुलीने स्वतःच्या हाताने केलं की टोपणाचा रंग ती बघितल्याशिवाय राहत नाही. पुढचा प्रश्न लगेच विचारा, “जेवणाचं ताट आलंय का?” कारण इन्सुलिन देऊन झाल्यावर पेशंटला सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलंय असं कळणं, हे वॉर्डात घडतं.

सलाईनच्या थेंबांचंही असंच आहे. ५०० मिली चार तासांत द्यायचंय, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. घड्याळ हातात देऊन ड्रिप चेंबरसमोर उभं केलं की खरी परीक्षा होते. मायक्रो सेट मिळाला तर मिलिलिटरला ६० थेंब, हे तिथेच विचारा.

प्रश्न विचारण्याची एक सवय लावून घ्या. मुलगी पेशंटबद्दल काही सांगायला आली की उत्तर देऊ नका. आधी विचारा, “तुला काय वाटतं, काय झालं असेल?” मग, “कशावरून?” त्यानंतर तिचं जे बरोबर आहे ते नेमक्या शब्दांत सांगा, चुकलंय ते दुरुस्त करा आणि पुढच्या वेळी उपयोगी पडेल असा एकच नियम द्या. पाच मिनिटांत होतं. “छान” किंवा “अभ्यास कर” याने कुणीच काही शिकत नाही. “कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी) लावण्याआधी तू पेशंटला डावखुरे आहात का विचारलंस, ते फार चांगलं केलंस” याने शिकतं.

पेशंटसमोर मुलीला रागावू नका. यावर माझी मतं ठाम आहेत. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणी ट्रे आपटण्याच्या आणि सगळ्या वॉर्डासमोर बोलणी खाण्याच्या वातावरणात शिकल्या आणि आता तेच वारसा म्हणून पुढे देतात. त्यातून काटेकोर नर्स तयार होतात असं म्हणतात. मला दिसतं ते उलटंच. रागावलं जाईल या धास्तीने मुलगी चूक लपवायला शिकते, आणि औषधाची लपलेली चूक पेशंटला भोगावी लागते. पण चूक होत असताना तुम्ही गप्पही राहू शकत नाही. म्हणून खाटेजवळ जायच्या आधीच मुलींशी एक शब्द ठरवा. मी म्हणते, “थांब, एकदा पुन्हा बघून घेऊ.” हा शब्द आला की हात जिथे आहे तिथे थांबवायचा, ही शिस्त. पेशंटला वाटतं मॅडम खात्री करून घेताहेत, आणि ते खरंही असतं. का थांबवलं ते बाहेर येऊन, हळू आवाजात, त्याच दिवशी सांगायचं. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलं की त्याचं रागावणं होतं, शिकवणं राहत नाही.

भाषेबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण आपल्या मुलींपैकी कितीतरी जणी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या असतात. बी.एस्सी.चे पेपर इंग्रजीत असतात. त्यामुळे त्या व्याख्या पाठ करतात आणि समजलंय की नाही हे कुणीच तपासत नाही. मी केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा, तपासताना मुलीला वही बंद करायला सांगते आणि म्हणते, “आता हेच या आजींच्या सुनेला समजेल असं मराठीत सांग.” ज्या मुलीला “लो सॉल्ट डाएट” म्हणजे लोणचं, पापड, ठेचा, फरसाण बंद आणि वरून मीठ घ्यायचं नाही असं सांगता येतं, तिला विषय कळलाय. जी नुसतं “मीठ कमी खा” म्हणते, तिला अजून कळायचंय. विदर्भातल्या, कोकणातल्या, सीमाभागातल्या मुलींना त्यांच्या बोलीत बोलू द्या. पेशंटही त्याच मुलखातला असतो.

डॉक्टरांशी बोलणं मात्र स्वतंत्रपणे शिकवावं लागतं. घाबरलेली विद्यार्थिनी फोनवर म्हणते, “सर, पेशंट बरोबर वाटत नाहीये.” पलीकडून उत्तर येतं, “बघतो.” आणि फोन बंद. तिला चार भागांत बोलायची सवय लावा: आता काय झालंय, आधीचं काय आहे, मी तपासलं तर काय दिसलं, मला काय हवंय. म्हणजे असं: “सर, मेल सर्जिकलमधून बोलतेय. बेड नंबर १२ च्या काकांना धाप लागलीय. वय ५५, काल पोटाचं ऑपरेशन झालंय. सकाळी श्वास १८ होता, आता २८ आहे, पल्स ११८, सॅच्युरेशन ९०. डोक्याकडची बाजू उंच केलीय, सिस्टरांना सांगितलंय. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?” डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये एकीला डॉक्टर करून, तिला मुद्दाम घाईत आणि तुसडं बोलायला लावून याचा सराव घ्या. मुलींना यात फार रस वाटतो आणि प्रत्यक्ष वेळ आली की आवाज कापत नाही.

विद्यार्थिनी म्हणजे वॉर्डाचं मनुष्यबळ नव्हे. हे सांगायला सोपं आहे. दोन सिस्टर आणि साठ पेशंट असलेल्या वॉर्डात उभं राहून सांगणं अवघड. नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१० आहे, आणि वॉर्डात खाटेजवळ शिकवायचं तर तुमच्या हाताखाली याहून जास्त मुली असू नयेत, हे प्राचार्यांना कागदावर कळवा. इन्चार्ज सिस्टरशी तडजोड अशी करता येते: सकाळची कामं, म्हणजे बेड मेकिंग, माउथ केअर, बॅक केअर, व्हायटल्स, मुली मनापासून आणि पूर्ण करतील, त्या बदल्यात अकरानंतरचा वेळ शिकण्याचा. ही कामं कमी प्रतीची आहेत असं मुलींना कधीही वाटू देऊ नका. बॅक केअर देतानाच माकडहाडावरची लाली दिसते आणि बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, वेळेत सापडतो.

एक गोष्ट अभ्यासक्रमाच्या तासांत नीट बसत नाही: पहिला मृत्यू. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, जिला काल आजोबांनी खडीसाखर दिली, ती आज येते तर त्या खाटेवर पडदा ओढलेला. तिला “नर्सने खंबीर राहायचं असतं” असं म्हणून ट्रे आणायला पाठवू नका. तिच्याबरोबर पडद्याआड जा. शेवटची काळजी दोघींनी मिळून घ्या. डोळे मिटणं, दाढी-तोंड स्वच्छ करणं, हातपाय सरळ करणं, नळ्या काढणं. मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांत नोंद झालेली केस असेल तर नळ्या तशाच ठेवायच्या असतात, हेही तिथेच सांगा. आजोबांना ‘बॉडी’ म्हणू नका, तिच्यासमोर तर नाहीच. नातेवाइकांना आत घेताना काय बोलायचं ते तुम्ही बोला, तिला ऐकू द्या. रडली तर रडू द्या. दुसऱ्या दिवशी तिला शोधून विचारा, झोप लागली का, जेवलीस का. ज्या मुलीला त्या दिवशी कुणी सोबत केली, ती पुढे स्वतःच्या विद्यार्थिनीला सोबत करते. मी हे होताना पाहिलंय.

लॉगबुकबद्दल, म्हणजे मुलीने केलेल्या प्रोसिजरच्या नोंदवहीबद्दल, एकच सांगते. न बघितलेल्या प्रोसिजरवर सही करू नका, महिनाअखेरीस मुली कितीही विनवण्या करोत. ती सही म्हणजे ही मुलगी हे काम सुरक्षितपणे करू शकते अशी तुमची जबानी आहे. परीक्षेचंही तसंच. ओस्कीची (एकेका स्टेशनवर ठरावीक काम करून दाखवायच्या प्रात्यक्षिक परीक्षेची) पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत १९७५ मध्ये मांडली. प्रत्येक विद्यार्थ्याला तेच स्टेशन, तीच चेकलिस्ट, म्हणजे परीक्षकाच्या मर्जीला वाव कमी. आता आपल्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमातही ती आहे. या अभ्यासक्रमात पहिल्या सत्रातल्या नर्सिंग फाउंडेशनला थिअरीचे १२० तास आहेत, तर लॅबचे ८० आणि क्लिनिकलचे १६०. हाताच्या कामाला दुप्पट तास दिलेत, ते खरोखर हाताच्या कामाला जातात की नाही, हे तुमच्यावर आहे.

आता तुमच्या स्वतःच्या वाढीबद्दल. सगळ्यात आधी हात चालू ठेवा. आठवड्यातून एक सकाळ मुलींशिवाय, स्वतःचे पेशंट घेऊन आयसीयूत काम करता येईल का, ते कॉलेज आणि हॉस्पिटल दोघांनाही विचारा. काही ठिकाणी चटकन परवानगी मिळते, कारण त्यांना एक हात जास्त मिळतो. नवे पंप, नवी औषधं, बदललेले प्रोटोकॉल हे सगळं तिथेच कळतं. पाच वर्षं वॉर्डात हात न घातलेली शिक्षिका मुली आणि सिस्टर दोघींनाही लगेच ओळखू येते.

दुसरं, स्वतःचा तास कुणालातरी बघायला सांगा. सहकारी मैत्रीण मागे उभी राहून फक्त दोन गोष्टी लिहील: तुम्ही किती वेळ बोललात आणि मुली किती वेळ. आणि प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबलात का? आपण फार लवकर स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

तिसरं, वॉर्डातला एखादा लहान प्रश्न धरून नोंदी ठेवा. तुमच्या वॉर्डात कॅन्युलाच्या जागी सूज आणि लाली किती पेशंटना येते? शिरेच्या या दाहाला फ्लेबायटिस म्हणतात, आणि तो मोजायला ० ते ५ अशी तयार श्रेणी आहे. हॉस्पिटलची रीतसर परवानगी घ्या, मुलींना रोज नोंद करायला शिकवा, तीन महिन्यांनी सिस्टरांसमोर मांडा. अशा कामातून संशोधन म्हणजे काय ते कळतं, आणि एम.एस्सी.चा प्रबंध करताना विषय शोधत फिरावं लागत नाही. १९०८ पासून चालत आलेल्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनचं सभासदत्व घ्या, सीएनईला (नोकरीतल्या नर्ससाठीच्या प्रशिक्षण सत्रांना) नुसत्या सहीपुरत्या जाऊ नका, स्वतः एक सत्र घ्या. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी आणलेला २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदाही वाचून ठेवा. मुली त्याबद्दल विचारतील.

राहिली एम.एस्सी. ती करायलाच हवी, कारण सहायक प्राध्यापक आणि त्यापुढच्या पदांसाठी ती लागते, आणि पदाशिवाय अभ्यासक्रमाच्या बैठकीत आपलं म्हणणं कुणी ऐकत नाही. प्रवेशासाठी पदवीनंतरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहेच. तरी हे शैक्षणिक वर्ष पूर्ण शिकवा. एक बॅच पहिल्या सत्रापासून परीक्षेपर्यंत नेली की कुठल्या विषयात तुमचा जीव रमतो ते कळेल, आणि वर्गात ऐकलेला शिक्षणशास्त्राचा प्रत्येक सिद्धांत तुम्ही खऱ्या मुलींवर ताडून बघू शकाल. आयसीयूची ओढ असेल तर मेडिकल-सर्जिकलमधली क्रिटिकल केअर शाखा बघा. तेवढ्याच दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा निवासी अभ्यासक्रमही आहे, त्यात बहुतेक वेळ पेशंटजवळच जातो. मला विचाराल तर तुमच्यासारखीला तो जास्त मानवेल. कॉलेज निवडताना इमारत आणि लॅब बघून फॉर्म भरू नका. त्यांच्या हॉस्पिटलात सकाळी नऊ वाजता जा आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थिनी कुठे आहेत ते बघा. लायब्ररीत सगळ्या एकत्र बसलेल्या दिसल्या तर दुसरं कॉलेज शोधा.